फीची सवलत प्रवेशाच्या अर्जातच ठरते

बारावीचा निकाल लागला की बहुतेक घरांत आधी प्रवेश कुठे मिळेल याची चर्चा होते, आणि पैशांचे काय करायचे हा प्रश्न फी भरण्याची तारीख तोंडावर आल्यावर निघतो. महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात अनेक वर्षे बसून मी जे पाहिले, त्यावरून सांगते की मुलांचे सर्वांत मोठे नुकसान या क्रमामुळेच होते. महाराष्ट्रात उच्च शिक्षणासाठी शासनाची मदत मिळणार की नाही आणि मिळाली तर किती, हे मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते. विद्यार्थी कोणत्या मार्गाने त्या जागेवर आला, अर्जात त्याने कोणता प्रवर्ग नोंदवला आणि कुटुंबाच्या उत्पन्नाचा कोणता दाखला त्याच्याजवळ होता. या तिन्ही गोष्टींचा निकाल प्रवेशाचा अर्ज भरतानाच लागलेला असतो आणि नंतर त्या दुरुस्त करणे बहुधा कोणाच्याच हातात राहत नाही. म्हणून प्रवेश आणि आर्थिक मदत हे दोन विषय या लेखात एकत्रच मांडले आहेत.

आधी मार्ग समजून घेऊ. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, वास्तुकला, विधी, बी.एड., एमबीए, एमसीए, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपण ज्याला सीईटी सेल म्हणतो तो, राबवतो. २०२४ पासून बीबीए, बीसीए आणि बीएमएस या अभ्यासक्रमांनाही सीईटी लागू झाली. यांना बारावीच्या गुणांवर सरळ प्रवेश मिळतो, असे अजूनही अनेक पालक धरून चालतात. परीक्षेनंतर विद्यार्थी नोंदणी करतो, कागदपत्रांची पडताळणी होते, गुणवत्ता यादी लागते, विद्यार्थी महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरतो आणि मग संगणकाद्वारे फेरीनिहाय जागावाटप होते. हीच केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे रोजच्या बोलण्यातला कॅप राउंड. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत याखेरीज २० टक्के जागा संस्थास्तरावर भरल्या जातात आणि त्यांनाच लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एक कॅपमधून आलेला असेल आणि दुसरा संस्थास्तरीय कोट्यातून, तर शासनाची फी-सवलत पहिल्यालाच मिळू शकते. दुसऱ्याच्या घरची परिस्थिती कितीही हलाखीची असली तरी नियमात त्याला जागा नाही. कॅपच्या फेऱ्या चालू असताना घाबरून, 'नंतर काहीच मिळणार नाही' या भीतीपोटी कोट्यातली जागा घेणारी मुले दरवर्षी दिसतात आणि त्यांतल्या काहींना पुढच्या फेरीत त्याच महाविद्यालयात जागा मिळाली असती, हे पाहून फार वाईट वाटते.

सगळ्या फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागाही संस्थास्तरावर भरल्या जातात. अशी जागा घेण्यापूर्वी तिला शिष्यवृत्ती लागू आहे का, हे त्या महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात विचारावे आणि शक्य असेल तर उत्तर लेखी घ्यावे.

पसंतीक्रमाबद्दलही एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. मागच्या वर्षीचा कट-ऑफ पाहून 'हे आपल्याला मिळणार नाही' असे म्हणत विद्यार्थी आवडते महाविद्यालय यादीत खाली टाकतात किंवा गाळतात. वाटप करताना यादी वरून खाली तपासली जाते आणि गुणवत्तेनुसार जो पहिला पर्याय उपलब्ध असेल तो मिळतो. वर लिहिलेला अवघड पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावी लागते, तेव्हा पहिल्या क्रमांकावर काय लिहायचे याचा विचार फीसकट झालेला असावा. प्रत्येक खासगी व्यावसायिक महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते आणि ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. राज्याच्या २०१५ च्या कायद्याने हे प्राधिकरण स्थापन झाले आहे. यादी करताना महाविद्यालयाच्या नावापुढे त्याची मंजूर फी लिहून ठेवावी, इतकी साधी गोष्टही फार थोडी घरे करतात.

याच पसंतीक्रमात टीएफडब्ल्यूएस नावाची एक जागा असते आणि अनेकांना तिचा पत्ताच नसतो. ही शिक्षण शुल्क माफीची योजना आहे. मंजूर प्रवेशक्षमतेच्या वर आणखी ५ टक्के जागा यासाठी असतात, जातीची अट नसते आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असावे लागते. जागा मिळाली की अभ्यासक्रम संपेपर्यंत शिक्षण शुल्क भरावे लागत नाही आणि महाविद्यालयच ते आकारत नसल्यामुळे शासनाच्या पैशांची वाट पाहण्याचा प्रश्नही येत नाही. पण या जागेचा पर्याय-कोड नेहमीच्या जागेहून वेगळा असतो. त्याच महाविद्यालयाची तीच शाखा या वेगळ्या कोडने स्वतंत्रपणे पसंतीक्रमात भरावी लागते आणि अर्जाच्या वेळी उत्पन्नाचा दाखला जोडलेला असावा लागतो. कट-ऑफ बहुधा चढा असतो आणि पुढे महाविद्यालय किंवा शाखा बदलता येत नाही, हे मात्र आधी मनाशी पक्के करावे.

आता फी म्हणजे काय ते नीट पाहू, कारण 'शंभर टक्के फी माफ' हे शब्द ऐकून आलेल्या पालकांची निराशा इथेच होते. महाविद्यालयाच्या पावतीवर शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत आणि इतर किरकोळ रकमा वेगवेगळ्या छापलेल्या असतात. राज्याने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस), सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग (एसईबीसी) आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जी शंभर टक्के सवलत दिली, ती शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची आहे. वसतिगृहाची फी, मेसचे पैसे आणि अनामत यांचा त्यात समावेश नाही. शिवाय ही सवलत कॅपमधून आलेल्या मुलींसाठी आहे, आणि खासगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्यातून वगळलेली आहेत. गावाजवळच्या अनुदानित किंवा विनाअनुदानित महाविद्यालयात जी मुलगी शिक्षण शुल्क न भरता शिकू शकली असती, तिला चकचकीत माहितीपत्रक पाहून खासगी विद्यापीठात घातले, तर ते शुल्क पूर्ण भरावे लागते. ८ जुलै २०२४ च्या त्या शासन निर्णयाने अनेक मुलींसाठी दार उघडले आहे आणि तो प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या फलकावर लावला गेला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मुलांसाठीचे चित्र वेगळे आहे. खुल्या, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गांतील ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्म्या शुल्काची सवलत मिळते. इतर मागासवर्गातील मुलांनाही व्यावसायिक अभ्यासक्रमांत ५० टक्के मिळतात, तर विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांना पूर्ण शिक्षण शुल्क मिळते. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि तिची उत्पन्न मर्यादा २.५ लाख रुपये आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांचे कौटुंबिक उत्पन्न यापेक्षा जास्त असेल तर 'फ्रीशिप' म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती लागू होते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली महाविद्यालयाच्या फीची रक्कम विद्यार्थ्याने स्वतः भरायची असते. खात्यात अचानक मोठी रक्कम आली म्हणून ती घरखर्चात वापरली गेली आणि परीक्षेच्या तोंडावर महाविद्यालयाने थकबाकी काढली, असे होऊ नये यासाठी घरी ही गोष्ट आधीच बोलून ठेवावी.

दाखल्यांचा विषय लांबलचक आहे, पण त्यातला एकच गुंता मी इथे सोडवते, कारण तो सर्वांत जास्त लोकांना अडवतो. राखीव जागेसाठी लागणारे नॉन क्रिमी लेअर प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत आणि दोन्हींत ८ लाखांचा आकडा येत असल्यामुळे लोक ते एकच समजतात. नॉन क्रिमी लेअर ठरवताना आई-वडिलांचे पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न ८ लाखांच्या हिशेबात धरले जात नाही. नोकरी असेल तर पदाचा वर्ग पाहिला जातो. याउलट फी-सवलतीसाठी तहसीलदारांचा जो उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यात पगारासह सर्व मार्गांचे उत्पन्न मोजले जाते. समजा, इतर मागासवर्गातील एका मुलीचे वडील प्राथमिक शिक्षक आहेत आणि त्यांचा वर्षाचा पगार ९ लाख आहे. तिला नॉन क्रिमी लेअर मिळू शकते आणि राखीव जागेवर प्रवेशही मिळू शकतो, पण फीची सवलत मिळणार नाही, कारण तिथे एकूण उत्पन्न ८ लाखांच्या वर गेले. 'ओबीसीतून प्रवेश मिळाला म्हणजे फी माफ' असे समजून ज्यांनी महागडे महाविद्यालय निवडले, त्यांना हे प्रवेश झाल्यावर कळते.

नॉन क्रिमी लेअरसाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो आणि शिष्यवृत्तीसाठी एका वर्षाचा दाखला चालतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून मार्चमध्ये घाईने काढलेला दाखला जूनमध्ये निरुपयोगी ठरतो. तो एप्रिलमध्येच काढावा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मात्र बारावीचे वर्ष सुरू होताच करावा, कारण समितीला वडील आणि आजोबांच्या शाळेच्या नोंदी तपासाव्या लागतात आणि जुन्या गावच्या शाळेतून तो उतारा मिळवायला कधी कधी महिने जातात. पडताळणी वेळेत झाली नाही तर प्रवेश खुल्या प्रवर्गात गणला जाऊ शकतो, आणि मग जागाही जाते व सवलतही. जेईई किंवा नीटच्या अखिल भारतीय जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातले दाखले लागतात, राज्याच्या नमुन्यातले तिथे चालत नाहीत. एसईबीसी हा प्रवर्ग केंद्राच्या यादीत नसल्यामुळे अशा विद्यार्थ्यांनी पात्र असल्यास केंद्राच्या नमुन्यातील ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र वेगळे काढून ठेवावे.

प्रवेश झाला की महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. केंद्राच्या काही योजनांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आहे. महाडीबीटीचा अर्ज विद्यार्थ्याकडून महाविद्यालयाकडे, तिथून संबंधित विभागाकडे जातो, आणि त्रुटी निघाली तर परत विद्यार्थ्याकडे येतो. परत आलेला अर्ज दुरुस्त न केल्यामुळे मदत बुडते, म्हणून भरून झाल्यावरही दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहावी.

पैसे खात्यात जमा होण्याच्या टप्प्यावर काय घडते, ते एका प्रसंगातून सांगते. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी वडिलांसोबत आली. वडिलांच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद क्रमाने लावलेले होते आणि पासबुकाच्या पहिल्या पानावर बँकेने 'आधार लिंक' असा शिक्का मारलेला होता. पोर्टलवर तिचा हप्ता वितरित झाल्याचे दिसत होते, पासबुकात मात्र एक रुपयाही नव्हता. शोध घेता घेता कळले की ती पाचवीत असताना शाळेने शिष्यवृत्तीसाठी सगळ्या वर्गाची खाती दुसऱ्या एका बँकेत उघडली होती. तिचा आधार क्रमांक अजून त्याच खात्याला जोडलेला होता आणि हप्ता तिथे जाऊन पडला होता. ते पासबुक घरी कोणालाच सापडत नव्हते.

यामागचा फरक असा आहे. ओळखीचा पुरावा म्हणून आधार क्रमांक कितीही खात्यांना देता येतो आणि त्यालाच बँकेत 'लिंक' म्हणतात. पण शासनाचे थेट लाभ (डीबीटी) ज्या खात्यात येतात, ते राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या नोंदीत आधारला जोडलेले एकच खाते असते, आणि शेवटी ज्या बँकेने ही जोडणी केली तिथेच पैसे जातात. याला 'सीडिंग' म्हणतात. आपले कोणते खाते सीड झाले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' या ठिकाणी दिसते, ते अर्ज भरण्यापूर्वी पाहावे. खाते बदलायचे असेल तर बँकेत 'डीबीटीसाठी आधार सीडिंग' असा स्पष्ट अर्ज द्यावा. त्या मुलीला जुन्या शाखेत जाऊन ओळख पटवून पैसे मिळवायला दोन महिने लागले.

फीइतकाच, कधी कधी फीपेक्षाही जड असतो तो राहण्या-जेवणाचा खर्च. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आणि तिच्यातून मुंबई-पुण्यासारख्या महानगरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. यांचे अर्ज फीच्या शिष्यवृत्तीपासून वेगळे असतात, आणि एक अर्ज केला म्हणजे दुसराही झाला असे समजून ही रक्कम सोडून देणारे विद्यार्थी खूप आहेत.

काही विद्यार्थ्यांची वाट नेहमीच्या रस्त्याने जात नाही. २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि कमाल वयात ५ वर्षांची सूटही आहे. लेखनिक हवा असेल तर त्याची मागणी परीक्षेच्या अर्जातच नोंदवावी. तंत्रशिक्षणातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी 'सक्षम', मुलींसाठी 'प्रगती' आणि अनाथ मुलांसाठी 'स्वनाथ' या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) योजनांतून निवड झाल्यास वर्षाला ५० हजार रुपये मिळतात. राज्यात अनाथांसाठी १ टक्का आरक्षण आहे, आणि २०२४ च्या शासन निर्णयातली पूर्ण फी-सवलत अनाथ मुलगे आणि मुली दोघांनाही आहे. बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलांना ही माहिती देणारे कोणीच नसते, म्हणून आपल्या ओळखीत असा मुलगा किंवा मुलगी असेल तर महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र काढायला त्याला किंवा तिला सोबत करावी. बेळगाव, कारवार, बिदर भागांतील ८६५ गावांमधल्या मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठीही सीईटी सेलच्या प्रवेश नियमांत सीमाभागातील उमेदवार म्हणून स्वतंत्र तरतूद आहे. तिकडच्या घरांत ती फारशी माहीत नाही.

नोकरी करणारे, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या स्त्रिया, शेतीत अडकलेले तरुण यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करते आहे, आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रेही राज्यात आहेत. दूरशिक्षणाचा कोणताही अभ्यासक्रम घेण्यापूर्वी तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेच्या यादीत त्या वर्षी आहे ना, हे पाहावे. शिक्षण मध्येच सुटले तरी मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) आता श्रेयांक बँकेत सात वर्षांपर्यंत राहतात आणि त्या काळात परत येऊन पुढे शिकता येते. अभियांत्रिकीसारख्या प्रवेशात मध्ये एक-दोन वर्षे गेली असतील तर खंडाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यापलीकडे अडचण येत नाही.

हे सगळे करूनही पैसे कमी पडले तर कर्जाचा विचार करावा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण किंवा तिसऱ्याचा जामीन लागत नाही, आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एका वर्षाने सुरू होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत देशातल्या निवडक संस्थांत (सुरुवातीला ८६०) प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीन न देता कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज-सवलत आहे. ती दरवर्षी एक लाख विद्यार्थ्यांपुरती आहे. उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिक्षणाच्या काळातले पूर्ण व्याज केंद्र भरते. कर्ज मागताना बँकेत महाविद्यालयाचे फी-पत्रक द्यावे लागते. ते घेताना शिष्यवृत्तीने भागणारी रक्कम वजा करूनच मागणी करावी, कारण मंजूर होते म्हणून जास्त उचललेल्या प्रत्येक रुपयावर व्याज चालू राहते.

आणि दुसऱ्या वर्षी हे सगळे पुन्हा करावे लागते. महाडीबीटीवर नूतनीकरणाचा अर्ज, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, आणि जिथे मागितला जाईल तिथे नव्या आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला. पहिल्या वर्षाची रक्कम अजून आलेली नसली तरी नूतनीकरणाची तारीख थांबत नाही, म्हणून पोर्टल सुरू झाल्याची सूचना महाविद्यालयाच्या फलकावर लागली की त्याच आठवड्यात अर्ज भरून त्याची छापील प्रत शिष्यवृत्ती विभागात द्यावी आणि पोच घ्यावी.